पुलाकडे नाही, माळाकडे

धरण फोडल्याची बातमी गावाला माझ्याच माइकवरून समजली. मी तेव्हा शिडीवर होतो, वाऱ्यानं सुटलेलं मंडपाचं कापड बांधत.

माझा धंदा मंडपाचा. बल्ल्या, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, पंखे आणि साऊंड. चिखलीपासून दुसरबीडपर्यंत लग्नसराईत कुणाच्या ना कुणाच्या दारात माझ्या बल्ल्या रोवलेल्या असतात. मे महिन्यात तर घरचं जेवणही नशिबात नसतं. त्या दिवशीचं लग्न मात्र आमच्याच गावात होतं, नदीकाठच्या बौद्ध वस्तीत. नवरीचे वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. धंदा नवा होता तेव्हा माझ्या सतरंज्यांचे गठ्ठे ते हसत हसत टपावर चढवू द्यायचे. त्यामुळे त्या मंडपात मी फक्त मंडपवाला नव्हतो, थोडा घरचाही होतो.

ते दिवस साधे नव्हते. सीमेवर लढाई पेटली होती. टीव्हीवर दिवसभर विमानं आणि नकाशे. मोठ्या शहरांत भोंगे वाजवून लोकांना लपायची तालीम देत होते. आणि त्या सगळ्या बोलण्यात पाणी होतं. कोणी म्हणे नद्यांचं पाणी तोडू, कोणी म्हणे धरणं उडवून देऊ. दूरच्या एका देशात लढाईतच धरण फुटलं होतं, त्याची जुनी चित्रं पुन्हा फोनवर फिरायला लागली होती. घरांची नुसती छपरं वर, आणि एका छपरावर बसलेलं कुत्रं. माझ्या बायकोनं ते चित्र पाहून फोन पालथा ठेवला होता.

आमचं गाव धरणाच्या खाली आहे. धरण झालं तेव्हा मी शाळेत होतो. ज्यांची जमीन बुडाली ते रडले, ज्यांना कालवा मिळाला त्यांनी पेढे वाटले. पण ही भिंत कधी आपल्यावर उलटू शकते, असं रडणाऱ्यांच्याही मनात नव्हतं आणि पेढे वाटणाऱ्यांच्याही. पाणी म्हणजे गहू, हरभरा, ऊस, एवढंच आम्हाला माहीत. ते कुणी हत्यार म्हणून वापरेल, हे आम्ही त्या मे महिन्यात पहिल्यांदा ऐकलं.

वरात आली होती. पाहुण्यांना सरबत देऊन झालं होतं. विधी सुरू व्हायला थोडा वेळ होता म्हणून एकजण माइकवरून पाहुण्यांची नावं घेऊन स्वागत करत होता. तेवढ्यात नवरदेवाचा एक मामा हातात फोन धरून घाईघाईनं पुढे आला. त्यानं माइक ओढून घेतला आणि ओरडला, “धरणावर बॉम्ब टाकला! पाणी सुटलं! पळा!”

चारी भोंग्यांमधून ते शब्द सगळ्या गावावर गेले. साऊंड माझा चांगला आहे. वाऱ्याची दिशा असली तर पलीकडच्या शिवारातही ऐकू येतो.

शिडीवरून मी मंडप रिकामा होताना पाहिला. आधी एक क्षण कुणीच हललं नाही. मग एका बाईनं लेकरू उचललं आणि सगळा मंडप एकदम उठला. खुर्च्या पडल्या, कनात फाडून माणसं बाहेर निघाली. कढईत बुंदी तळणारा आचारी झारा हातात घेऊनच धावला. मी उतरून माइकपाशी पोचलो आणि ओरडलो, “थांबा! खात्री करा! धरणावर फोन लावा!” पण आता माझं ऐकायला मंडपात कुणी नव्हतं. माझा फोन मी लावला तर तो लागेना. मग मलाही माझी माय आठवली आणि मीसुद्धा पळालो.

माय ऐंशीच्या घरातली. गुडघे गेलेले, भिंत धरून चालते. घर गाठलं तर कडी लागलेली. शेजारचं घर मात्र उघडंच पडलेलं. समोरून धावणाऱ्या एकानं सांगितलं, “तुमची बुढी ऑटोत गेली, वहिनी होत्या संगं.” कुठं गेली, हे विचारायचं कारण नव्हतं. सगळं गाव एकाच दिशेनं चाललं होतं. रस्त्याकडे. रस्ता म्हणजे चिखलीचा रस्ता, आणि तो रस्ता गावातून निघून नदीच्या पुलावरून जातो.

आमचा पूल अरुंद आणि बसका आहे. एक एसटी निघाली की दुसऱ्यानं थांबायचं, असा. मी पोचलो तेव्हा त्या पुलावर ट्रॉलीसह ट्रॅक्टर होता, वरातीच्या जीपगाड्या होत्या, फुलं लावलेली नवरदेवाची गाडी होती, मोटारसायकली होत्या आणि पलीकडून चिखलीची एसटी आत शिरलेली होती. कुणालाच पुढे जाता येईना, मागेही येता येईना. हॉर्न, रडणं, शिव्या. एक म्हातारे गृहस्थ कठड्याशी दाबले गेले आणि खाली पडले. त्यांचा हात कोपरातून विचित्र वळलेला होता. आमच्या गावचे मोठे शेतकरी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते गाडीचं दार उघडून उभे होते. आत त्यांच्या पत्नी छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. काकूंना हृदयाचा त्रास आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

पुलाच्या अगदी मधोमध एका ऑटोत माझी माय सापडली. बायको तिला धरून बसली होती. मी वाकून आत पाहिलं तर माय घाबरलेली नव्हती, चिडलेली होती.

“काऊन रे,” ती म्हणाली, “पाण्यापासून पळाचं व्हतं तं मले नदीवर काऊन आणलं?”

मी कठड्यापाशी गेलो. खाली नदी कोरडी, गोटे तापलेले. वरच्या अंगाला नदीचं पात्र वळण घेऊन दिसेनासं होतं, आणि त्या वळणापलीकडे धरण. पाणी आलं असतं तर त्याच वळणावरून आलं असतं, सरळ आमच्या अंगावर. लेकराबाळांसकट सगळं गाव आम्ही स्वतःच्या हातानं आणून त्याच्या वाटेत उभं केलं होतं. मी तेव्हा खरा भ्यालो. ती भीती धरणाची नव्हती. आम्हाला पळायचंही ठाऊक नाही, याची ती भीती होती.

तेवढ्यात मला माळ दिसला. आमच्या गावाच्या मागे, शाळेच्या पलीकडे, मुरमाड माळ चढत जातो. उन्हाळ्यात त्यावर काडी हिरवी नसते. त्या तपकिरी चढावर चार-पाच माणसं उभी होती आणि त्यांच्या मध्ये एक पांढरं लुगडं. लग्नासाठी पांढरी साडी नेसलेली नवरी. सगळ्या गावात ती आणि तिच्या मैत्रिणी, एवढीच माणसं योग्य जागी उभी होती.

गोंधळ मिटवला तो एसटीच्या कंडक्टरनं. तो खाली उतरून ओरडत गाड्यांमधून आला. “अहो, कोनं सांगितलं तुम्हाले? आमची गाडी आत्ता धरणाच्या फाट्यावरून आली. तठी लोक मासे विकून राह्यले!”

हे वाक्य पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. कुणी हसलं, कुणी तिथेच खाली बसलं. मग एक एक गाडी मागे घेत पूल मोकळा करायला पुष्कळ वेळ गेला. हात मोडलेल्या गृहस्थांना त्याच एसटीतून चिखलीला पाठवलं. माइकवर ओरडलेला मामा मागच्या गर्दीत सापडला. त्याच्या फोनवरचं चित्र त्या दूरच्या देशातलंच होतं. त्याच्यावर हात टाकायला निघालेल्या पोरांना नवरीच्या वडिलांनी अडवलं. “पाहुणा आहे,” ते म्हणाले. “घाबरला तो. तुमी नाई घाबरले?”

लग्न दुपारनंतर लागलं. फाटलेली कनात मी सुतळीनं शिवून घेतली. त्रिशरण-पंचशील म्हणताना घामानं सगळ्यांचे चेहरे ओले होते. जेवणं झाली, बुंदी थोडी जळकी होती, पण कुणी नाव ठेवलं नाही. निरोपाच्या आधी मी नवरीला विचारलं, “बाई, तुले कसं सुचलं माळावर जाचं?”

ती चिखलीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मला वाटलं तिथं काही शिकवलं असेल. तर ती म्हणाली, “काका, सुचलं काय? गाड्या साऱ्या वरातीच्या. आमच्या घराजवळून सारे निघून गेले, आमाले कोन बसवते? मंग म्या म्हटलं, आता वरतीच चढू. शाळेमागं भाऊसाहेबाच्या वावराचं तार हाये ना, ते पोरीनं वर धरलं, म्या खालून निघाली. साडी फाटली पाहा.” तिनं पदराजवळची खोच दाखवली आणि हसली. डोळ्यात मात्र हसू नव्हतं. तिचा नवरा तिला न घेता पुलावर गेला होता. पुढं त्यांचं बरं चाललं आहे, पण त्या दिवशी तिनं ते पाहिलं होतं, आणि मी तिला पाहताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडप उतरवायला मी वस्तीवर गेलो. नवरीचे वडील एकटेच बाहेर बाजेवर बसले होते. “जय भीम, ड्रायव्हरसाहेब,” मी म्हटलं. “राम राम, या,” ते म्हणाले. चहा आला. त्यांनी एकदम विचारलं, “काल पानी आलं असतं तं माही वस्ती पहिली गेली असती. व्हय का नाही?”

“हाव,” मी म्हटलं.

“मंग आता काय?”

इतका सरळ प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. सरकारनं काय करावं, शत्रूचं काय करावं, यावर गावात रोज वाद चालत होते. आपण काय करायचं, हे विचारणारा हा पहिला माणूस. मी बल्ल्या तशाच ठेवल्या आणि आम्ही दोघं माझ्या टेम्पोत बसून धरणावर गेलो.

फाटकावर पोलीस होता. आत सोडेना. ते बरोबरच होतं, त्या दिवसांत अनोळखी माणसाला धरणाच्या भिंतीवर कसं जाऊ देणार. पण आम्ही हटलो नाही. फाट्यावर मासेवाल्यांच्या शेजारी एक चहाची टपरी आहे, तिथं बसून राहिलो. दुपारी धरणावरचे एक तरुण इंजिनिअर चहाला आले. आम्ही उठून आमची हकीकत सांगितली. पुलाचा भाग ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

“काका, तुम्ही इकडे या,” म्हणाले, आणि आम्हाला टपरीमागच्या उंचवट्यावर घेऊन गेले. तिथून धरणाचं पोट दिसत होतं. पाणी आक्रसून पार मध्ये गेलं होतं. कडेनं भेगाळलेला गाळ, आणि त्या गाळात बायका काकड्या तोडत होत्या.

“आत्ता यात पाणीच किती आहे बघा. काल कुणी खरंच काही केलं असतं, तरी तुमच्या पुलाखालून वाहून गेलं असतं.”

ड्रायव्हरसाहेब माझ्याकडे पाहायला लागले. धरण रिकामं आहे, हे काल सगळ्या गावात एकालाही आठवलं नव्हतं. आदल्याच आठवड्यात नळाला पाणी नाही म्हणून आम्ही सगळे बोंबलत होतो.

“म्हंजे भ्यायचं कारण नाही?” मी विचारलं.

ते म्हणाले, “आज नाही. पण दिवाळीच्या आत हे काठोकाठ भरलेलं असतं. तेव्हा कुणी फोडलं काय आणि आपोआप काही झालं काय, खालच्या माणसाला सारखंच. भिंत मजबूत आहे, आमचं लक्ष आहे, हे मी तुम्हाला सांगेनच. पण तुम्ही तुमची तयारी ठेवा. गाडी शोधायची नाही. पूल ओलांडायचा नाही. नदीच्या काठाकाठानं पळायचं नाही. नदीकडे पाठ करायची आणि चढायचं. तुमच्याकडे चढायला जागा आहे?”

“आहे,” आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

जागा होती, वाट नव्हती. शाळेमागून माळापर्यंत मध्ये भाऊसाहेबांचं वावर पडतं आणि त्याला काटेरी तार आहे. त्या तारेवरून गावात जुनं भांडण. वस्तीतल्या बायका पूर्वी त्या वावरातून सरपणाला जायच्या, ते भाऊसाहेबांनी बंद केलं होतं. त्यामुळे संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलो तेव्हा काय उत्तर मिळेल हे ठाऊकच होतं.

“आज माणसं चढतील,” भाऊसाहेब म्हणाले, “उद्या बैलगाडी येईल, परवा तहसीलमध्ये अर्ज येईल का ही आमची वहिवाट हाये. मी पाह्यलं नाही का असं? लढाई दोन दिवसाची. वावर माह्या पोराबाळाचं.”

ड्रायव्हरसाहेब म्हणाले, “रस्ता नाही मागत भाऊसाहेब. नुसतं एक फाटक. बंद राहील. कामापुरतं उघडू.”

“कुलूप कोनाजवळ राहील?”

“तुमच्याजवळ.”

“अन् पानी आलं तं मी कुलूप उघडत बसू का?” भाऊसाहेब चिडून म्हणाले, आणि लगेच अडकित्ता ओढून घेतला. आपणच काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं.

आतून काकू बाहेर आल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्या फार बोलत नाहीत. “काल मी पुलावर गाडीत बसून व्हती,” त्या म्हणाल्या. “माहा जीव जाऊन राह्यला व्हता अन् तुम्ही दार धरून उभे. कुठीच जाता येत नव्हतं. फाटक करा. कुलूप नको, साखळी लावा. अन् मले बी त्या वाटेनं नेऊन पाहा एकदा, माह्यानं चढणं व्हते का नाही ते.”

भाऊसाहेबांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, “फाटक माह्या खर्चानं. पण वावरात वाट बांधाबांधानंच जाईल. पिकात पाय नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

पहिली तालीम आम्ही त्याच आठवड्यात ठेवली. मी मारुतीच्या देवळासमोर भोंगे बांधले आणि आदल्या दिवशीपासून सांगत राहिलो: ही तालीम आहे, खरं काही नाही, पुलाकडे नाही, माळाकडे. तीच वाक्यं, तोच आवाज. त्या दिवशी माझ्या साऊंडवरून जे गेलं होतं ते मला पुसायचं होतं, आणि पुसायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

माणसं फार आली नाहीत. वस्तीतल्या बायका आल्या, शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या, काकू आल्या. पारावर बसलेले पुरुष हसत होते. “काऊन बे, याले आता माळावर बी मंडप टाकाचा हाये काय?” एकजण म्हणाला. मला राग आला नाही असं नाही, पण माइकवर मी तेच सांगत राहिलो. मायसाठी मी मंडपाच्या एका मजबूत खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले होते. तिनं खुर्ची पाहिली.

“मले मेल्यावर उचला. जितेपनी नाही,” म्हणाली.

“माय, तुह्यासाठी नाही. ज्यायले तुह्यासारखं चालता येत नाही, त्यायच्यासाठी. तू बसली तं ते बसतील.”

ती मग बसली. मी, ड्रायव्हरसाहेब आणि वस्तीतले दोघे, अशा चौघांनी उचललं. माझ्या मायला वस्तीतल्या माणसांनी खांद्यावर घेतलं आणि तिनं एकाच्या डोक्याला धरून तोल सांभाळला, हे पारावरच्या पुरुषांनी पाहिलं. आम्ही फाटकातून निघालो, बांधानं गेलो, माळ चढलो. वर पोचल्यावर मायनं गावाकडे पाहिलं आणि म्हणाली, “लयच लहान दिसते रे आपलं गाव.” काकू मध्ये दोनदा बसल्या, पण चढल्या.

नंतर थोड्याच दिवसांत लढाई थांबली. टीव्हीवर पुन्हा क्रिकेट आलं. मी दुसऱ्या तालमीचं सांगायला गेलो तर लोक म्हणाले, आता काय कामाचं? सगळं मिटलं. मी म्हणालो, “लढाई मिटली. धरण जागेवर हाये, आपलं गाव जागेवर हाये. अन् पुढची लढाई काय उन्हाळा पाहून येईल?” कुणी मान हलवली, कुणी फोनमध्ये पाहिलं. दुसऱ्या तालमीला पहिल्यापेक्षाही कमी माणसं आली. ड्रायव्हरसाहेबांना वाटलं मी आता सोडून देईन. मला तसं वाटलं होतंच एकदा, ते खोटं कशाला सांगू. पण मी मंडपवाला माणूस. रिकाम्या खुर्च्या मांडून माणसांची वाट पाहणं हाच माझा धंदा. आम्ही तिसरी तालीम जाहीर केली, आणि ती मुद्दाम श्रावणात ठेवली.

ती तालीम फसली. काळ्या मातीच्या बांधावर पावसानं असा चिखल झाला होता की चपला रुतून बसल्या. खुर्ची उचलणाऱ्यांतला पुढचा घसरला आणि खुर्ची तिरपी झाली. त्या वेळी खुर्चीत माय नव्हती, मी मुरमानं भरलेलं पोतं ठेवलं होतं. पोतं गडगडत भाऊसाहेबांच्या सोयाबीनमध्ये गेलं. पारावरून हसण्याचा आवाज आला. पण हसणाऱ्यांतला एकजण, तोच मंडपाचं बोललेला, उठून आमच्याकडे आला. चिखलात उभा राहून त्यानं खालपासून वरपर्यंत बांध पाहिला आणि म्हणाला, “असं नाही जमत. पानी तं पावसाळ्यातच राह्यते ना धरणात? मुरूम टाकाले पाह्यजे.”

मी म्हटलं, “टाकू.”

“माहा ट्रॅक्टर हाये.”

पाऊस उघडल्यावर मुरूम टाकायला पुष्कळ लोक आले. का आले, मला नीट सांगता येत नाही. माळ फोडून मुरूम खाली आणायचं काम गावाला समजतं, तालीम समजत नाही, हे एक असेल. भाऊसाहेब छत्री घेऊन बांधावर उभे होते. वाट ठरल्यापेक्षा जास्त रुंद होते आहे हे त्यांना दिसत होतं. सोयाबीनची एक ओळ मुरमाखाली गेली. ते पुढे आले, छत्री मिटून बगलेत धरली आणि “इकडं खोलगट हाये, इकडं जास्त टाका,” एवढं म्हणाले.

त्या वर्षी धरण भरलं. एका सकाळी दरवाजे उघडल्याचा भोंगा वाजला. भोंगा दर वर्षी वाजतो आणि दर वर्षी आम्ही पुलावर पाणी पाहायला गर्दी करायचो. त्या सकाळी मी घरातून बाहेर आलो तेव्हा माझा साऊंड अजून शेडमध्ये होता. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तरी वस्तीतली माणसं लेकरं आणि म्हातारी घेऊन शाळेमागं चालली होती. धावत नव्हती, बाजाराला निघाल्यासारखी चालली होती. पारावरचे दोघं पुलाच्या तोंडाशी आडवे उभे राहून मोटारसायकली परत पाठवत होते. बायकोनं मायला खुर्चीत बसवलं, शेजारच्यांनी हात लावला, आणि त्या दिवशी मायनं मरणाचा विषय काढला नाही.

वरून आम्ही नदी पाहिली. पाणी पात्रातच राहिलं, पुलाला टेकलंही नाही. कुणी म्हणालं नाही की उगाच चढलो. थोड्या वेळानं बायकांना स्वयंपाक आठवला, पुरुषांना जनावरं, आणि सगळे मुरमाच्या वाटेनं उतरून आपापल्या कामाला लागले.

बॉम्ब टाकणारं विमान मी कधी पाहिलेलं नाही. पाहूही नये. ज्यांच्या हातात ते आहे त्यांना माझ्या गावाचं नावही ठाऊक नसेल, आणि धरणं उडवू म्हणणाऱ्यांना खाली कोण राहतं हे विचारायची गरज वाटत नसेल. त्यांना मी थांबवू शकत नाही. पण आम्हाला मारायला फोनवरचं नुसतं एक चित्र पुरेसं व्हावं, हे मी होऊ देणार नाही. तेवढं माझ्या हातात आहे.

आता खालच्या अंगाच्या गावानं मला बोलावलं. नदी आमच्या गावानंतर त्यांच्याकडेच जाते. मी टेम्पोत साऊंड टाकून गेलो. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. त्यांना वाटलं मी भाषण करीन. मी माइक बंदच ठेवला आणि म्हटलं, “समजा आत्ता भोंगा वाजला. तुम्ही कुठी जासान? दाखवा मले.”

एकानं रस्त्याकडे हात केला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

“तठी पूल हाये का?”

“हाये ना.”

“मंग तो सोडा. तुमच्या गावात उंच जागा कोनती?”

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. कुणी म्हणालं गावठाणाचं टेकाड, कुणी म्हणालं टेकाड कसलं, पाण्याच्या टाकीमागची बरड उंच आहे. एक आजी मागून म्हणाली, दोन्ही नाही, चिंचेजवळून चढलं की सोपं पडते. वाद सुरू झाला. मी चपला काढून हातात घेतल्या, कारण काळी माती ओली होती, आणि म्हटलं, “चला, चालून पाहू.”